झाकणावरची वेळ

काका हात तीनदा धुवायचे. साबणाने, मग गरम पाण्याने, मग पुन्हा साबणाने, कारण नळ बंद करताना हात नळाला लागलेला असायचा. दार कोपराने उघडायचे. कप ठेवण्याआधी टेबलावर फुंकर मारायचे, आणि मग फुंकर मारली म्हणून टेबल पुसायचे. दुधाजवळ बोलायची वेळ आली तर दुधाकडे पाठ करून बोलायचे. शिंक आली की धावत बाहेर जायचे. बाहेर गेल्यावर बहुतेकदा ती यायचीच नाही, मग चिडून परत. पेन खिशाला नाही, दोरीने गळ्यात. आणि हाती लागेल त्या बाटलीच्या झाकणावर वेळ लिहायचे. दुधाच्या, पाण्याच्या, खोकल्याच्या औषधाच्या. घरी साखरेच्या डब्यावरसुद्धा वेळ होती. सकाळी सात चाळीस. कुठल्या वर्षीची, ते काकूंनाही आठवत नव्हतं.

चीजच्या कारखान्यात त्यांना सगळे चकाचककाका म्हणत. तोंडावर नुसतं काका.

त्यांच्याकडे विरजण होतं. कारखान्यात चार टाक्या, एकेकीत दहा हजार लिटर दूध. त्यात विरजण घालायचं, विरजणातल्या जीवाणूंनी दूध आंबवायचं, ते साकळलं की कापायचं आणि पाणी गाळून काढायचं. त्या हिरवट पाण्याला सगळे निवळी म्हणत. उरतं ते चीज. विरजणाचं मूळ बियाणं काकांच्या खोलीत, झाकणाच्या स्टीलच्या भांड्यात. रोज त्यातलं थोडं ताज्या दुधात लावायचं, उद्यासाठी. एकतीस वर्षांत एका दिवसाचा खाडा नाही. स्वतःच्या लग्नाच्या दिवशीही काका आधी कारखान्यात गेले, विरजण लावलं आणि मग बोहल्यावर उभे राहिले.

"माझी सवत स्टीलची आहे," काकू म्हणायच्या.

काकांच्या आधी ते भांडं एका म्हाताऱ्याकडे होतं. भांडं कसलं, बादली. म्हातारा आदल्या दिवशीच्या टाकीतली निवळी डावाने काढायचा, बादलीत टाकायचा, वर दूध ओतायचा आणि पोतं झाकून निघून जायचा. काका डिप्लोमा करून नोकरीला लागले तेव्हा चोवीस वर्षांचे होते. बादली बघून त्यांच्या अंगावर काटा आला. महिन्याभरात बादली गेली, पोतं गेलं, खोलीला फरशी आली, हवेला गाळणी आली. निवळीचा थेंब त्या खोलीत गेला तर नोकरी जाईल, अशी पाटी लागली. म्हातारा निवृत्त होताना दारातूनच म्हणाला, "पोरा, फार धुऊ नकोस रे. एकटं पडेल ते."

काका हे तीस वर्षं विनोद म्हणून सांगत आले.

त्या वर्षी टाक्या झोपायला लागल्या. हा कारखान्यातला शब्द. सकाळी सहाला विरजण घालायचं, अकरापर्यंत दूध साकळायला हवं. अकरा वाजले, बारा वाजले, दूध आपलं दूधच. आंबटपणा मोजायचा काटा हलायला तयार नाही. दहा हजार लिटर गटारात.

पहिल्यांदा झालं तेव्हा काकांनी दुधाला दोष दिला. दुसऱ्यांदा पाईपला. तिसऱ्यांदा त्यांनी निवळी तपासली, आणि मान खाली घातली. फाज. जीवाणूंना होणारा विषाणू. एक फाज एका जीवाणूत शिरतो, तासाभरात आतून त्याच्याच मालाने शंभर फाज करतो, जीवाणू फोडून बाहेर येतो. शंभरांचे दहा हजार. जेवणाच्या सुट्टीआधी टाकी झोपते. माणसाला काही होत नाही. चीजचं वाटोळं होतं.

मग काकांनी युद्धच पुकारलं. पाईप बदलून घेतले. फरशी दिवसातून चारदा. कामगारांना टोप्या, बुटांवर पिशव्या. एकाला दाढी काढायला लावली. तो आठ दिवस काकांशी बोलला नाही.

"काका, आता आम्हालाच उकळा एकदा," टाकीवरचा माणूस म्हणाला.

"त्यानेही काही होणार असतं तर उकळलं असतं," काका म्हणाले. ते हसत नव्हते.

टाक्या झोपतच राहिल्या. आठवड्याला एक. मग दोन.

कारखान्याचे मॅनेजर काकांपेक्षा वीस वर्षांनी लहान होते. वाईट माणूस नव्हता. खालून त्यांना काका ऐकवत, वरून मालक.

"काका, पाकिटं घेऊ या," ते म्हणाले. "गोठवलेलं विरजण. फाज आला की दुसऱ्या जातीचं पाकीट. सगळे तेच करतात."

"सगळ्यांकडे एकतीस वर्षांचं विरजण नाही."

"आपल्याकडे आहे आणि टाक्या झोपतायत."

काकांनी नळ जोरात बंद केला. वादात हरले की ते असंच करायचे. त्या महिन्यात दोन नळ गेले.

चहाच्या वेळी ते डबे भरण्याच्या विभागात जाऊन बसायचे. तिथे डब्यांवरचा मजकूर लिहिणारी एक मुलगी होती. साहित्यात एम.ए. झालेली. तिला सगळे लेबलवाली म्हणत. काकांशी तिची मैत्री कशी झाली, कोणालाच कळलं नाही. बहुधा ती न विचारता हात धुवायची म्हणून.

"एवढी शिकलीस आणि 'थंड जागी ठेवा' लिहितेस?"

"तेही कोणी वाचत नाही, काका."

"मी वाचतो. मागच्या वेळी तारीख अर्धा मिलिमीटर तिरकी होती."

विद्यापीठातल्या बाई आल्या त्या मॅनेजरांच्या बोलावण्यावरून. त्यांनी काकांच्या भांड्यातून वीस जीवाणू वेगवेगळे काढले, वीस चपट्या काचेच्या डब्यांत वाढवले. काचेवर श्वास सोडल्यावर धूसर थर येतो तसा थर आला. मग प्रत्येकावर झोपलेल्या टाकीतल्या निवळीचा एक थेंब. दुसऱ्या दिवशी वीसही थरांना त्याच जागी स्वच्छ, गोल भोक पडलेलं होतं. एकही शिल्लक नाही.

काकांनी डब्या उजेडाला धरून पाहिल्या. दोनदा मोजल्या.

"विसाच्या वीस?"

"काका, तुमच्या भांड्यात वीस जण नाहीतच," बाई म्हणाल्या. "एकच आहे, वीस वेळा. पूर्वी हे कसं सांभाळायचे?"

काकांनी म्हाताऱ्याची बादली सांगितली. निवळीचा डाव, पोतं. सांगताना सवयीने हसले. बाई हसल्या नाहीत.

"त्या बादलीत फाज रोजच होते," त्या म्हणाल्या. "पण जीवाणूही पंचवीस प्रकारचे असतील. एक जात वाढली की तिचा फाज वाढायचा, ती खाली यायची. तोवर दुसरी वर. दूध लागायचं ते लागायचंच. तुम्ही फाज बंद केलेत. मग जी जात सगळ्यांत जोरात वाढते ती राहिली, बाकीच्या हळूहळू गेल्या. आता तिचा फाज बाहेरून आला. आत दुसरं कोणीच नाही."

"म्हणजे मी काय केलं?"

"तुमचं काम उत्तम आहे. इतकी स्वच्छ खोली मी पाहिली नाही."

"बाई, मी हे नाही विचारलं."

बाईंना वाईट वाटलं असावं. त्या दुसरंच काही सांगू लागल्या. पाण्यात अमीबा असतो. त्याला एक प्रचंड मोठा विषाणू होतो. आणि त्या मोठ्या विषाणूच्या मागे एक छोटा विषाणू असतो. तो अमीबात शिरतो, पण अमीबाला मारत नाही. मोठ्याने मांडलेल्या कारखान्यात बसून त्याचाच माल चोरतो. मोठा अर्धामुर्धा तयार होतो, आणि अमीबांपैकी बरेच वाचतात. "छोटा नसता तर सगळे गेले असते," बाई म्हणाल्या. "पाणी धुऊन काढलं तर दोन्ही जातात. मग एक दिवस मोठा एकटाच परत येतो."

काकांनी हे चहाच्या वेळी लेबलवालीला जसंच्या तसं सांगितलं.

"विषाणूलाही विषाणू लागतो," ते म्हणाले. "म्हणजे सुटलेलं कोणीच नाही."

"मग सगळ्यात शेवटचा कोण?"

"शेवटचा नसतोच. मी समजत होतो, मी आहे."

तिने चहा ढवळला. साखर नव्हती, तरी ढवळला.

काकांना आता काय करायचं ते कळलं होतं, आणि कळलं म्हणूनच त्यांचा जास्त जळफळाट होत होता. निवळी परत आत आणायची. रोज ताज्या दुधात थोडं विरजण आणि त्यासोबत झोपलेल्या टाकीतली निवळी. बहुतेक जीवाणू मरतील. जे वाचतील त्यांच्यावर पुन्हा दूध, पुन्हा निवळी. तीस खेपा. मग कदाचित भांड्यात पुन्हा वस्ती होईल. त्यांनी लेबलवालीकडून अर्ज नीट लिहून घेतला आणि मॅनेजरांसमोर ठेवला.

मॅनेजरांनी दोनदा वाचला. "विरजणाच्या खोलीत निवळी?"

"हो."

"दारावरची पाटी कोणी लावली, काका?"

"मी."

"मग?"

"चूक लावली."

"मला पंधरा दिवसांत टाक्या चालू हव्यात. तुम्ही म्हणता, आधी सगळं मारू, मग बघू." त्यांनी अर्ज परत केला. "पाकिटांचा फ्रीजर पुढच्या महिन्यात येतोय. तोवर कसंही चालवा. फ्रीजर यायच्या आधी भांडं रिकामं करून खोली धुऊन द्या."

तीन आठवड्यांनी भांडं रिकामं झालं. काकांनीच केलं. उकळतं पाणी, साबण, पुन्हा उकळतं पाणी. स्टील इतकं चकाकलं की त्यात त्यांना स्वतःचा चेहरा दिसला. त्यांनी तिकडे पाठ केली.

पण अर्ज परत आला त्याच दिवशी काकांनी एक बाटली भरून विरजण घरी नेलं होतं. आता एकतीस वर्षांचं ते विरजण जगात एकाच ठिकाणी होतं. तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांच्या घरात, ओट्याच्या डाव्या कोपऱ्यात, टॉवेलमध्ये गुंडाळलेलं.

"आली का शेवटी घरी?" काकूंनी विचारलं.

"कोण?"

"सवत."

काका रोज कारखान्यातून छोट्या बाटलीत निवळी आणायचे. तिच्या झाकणावर वेळ. चार बाटल्यांत आलटून पालटून खेपा. नवी लावली, लागली, की जुनी काकू धुवायच्या. घरातला नियम लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात ठरलेला: झाकणावर वेळ नसेल ती बाटली घाणेरडी. सरळ उकळायची. विचारत बसायचं नाही. काकूंनी सुरुवातीला एकदा विचारलं होतं, तेव्हा काका अर्धा तास बोलले होते. त्यानंतर त्या कधीच विचारत नव्हत्या.

काकांनी वहीत एक पान आखलं. तीस ओळी. खेप, लावलं, लागलं.

पहिली खेप लागायला दीड दिवस लागला. दुसरी लागलीच नाही असं वाटून काकांनी ओट्यावर हात आपटला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लागली. पाचवीला पाणी सुटलं. सातवीला वास आला. काका जेवताना उठून बाटली तिरपी करून बघायचे.

"तिलाच भरवा," काकू म्हणायच्या. "माझं ताट उचलते मी."

नववी वीस तासांत लागली. चौदावी अकरा. काका लेबलवालीला रोज आकडा सांगायचे, आणि आकडा वाईट असला तर तिच्यावरच चिडायचे.

"मी काय केलं?"

"तू 'अरेरे' म्हणालीस. अरेरे म्हणायची काय गरज आहे?"

अठरावी नऊ तास. विसावी आठ. बाविसावी सव्वासात तासांत घट्ट लागली, बाटली उलटी केली तरी हलेना. भांड्यातलं विरजण त्याच्या चांगल्या दिवसांत अशा बाटलीत सात तास घ्यायचं. काकांनी बाटली काकूंच्या नाकाशी धरली. काकू म्हणाल्या, बरं आहे. काकांनी त्याचा अर्थ फारच मोठा घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते तेविसावी लावत होते. दूध कोमट, निवळी मोजलेली, बाविसावीतून दोन चमचे आत. झाकणावर त्यांनी २३ आदल्या दिवशीच लिहून ठेवलं होतं. वेळ लिहायला गळ्यातलं पेन हातात घेतलं आणि फोन वाजला. मॅनेजर. पाकीटवाले दहाऐवजी आठला येतायत, काकांनी खोली दाखवायला हवी.

काकांनी पेन सोडलं. तेविसावी टॉवेलमध्ये गुंडाळली. बाविसावी पिशवीत घातली, कारण आज दाखवायचंच असं त्यांनी ठरवलं होतं. जिना उतरताना त्यांनी स्वेटर उलटा घातलाय हे खालच्या शेजाऱ्याने सांगितलं.

कारखान्याच्या फाटकावर वॉचमन होता. अकरा वर्षं ओळखीचा.

"पिशवीत काय, काका?"

"विरजण."

"घरचं?"

"हो."

वॉचमन उभा राहिला. "घरचं दुधाचं काही आत नाही ना जात."

"अरे, मला सांगतोस?"

"तुम्हालाच सांगतो. कागद तुमच्या सहीचा आहे." त्याने मागच्या भिंतीवरचा कागद दाखवला. नऊ वर्षांपूर्वीचा. बाहेरचा दुग्धजन्य पदार्थ फाटकावर घ्यावा, फिनेल घालून ओतावा, बाटली परत द्यावी. "मागे माझ्या जावयाचा डबा ओतायला लावला होतात. विसरलात?"

काका विसरले नव्हते. आत पाकीटवाले थांबले होते. आणि घरी तेविसावी होतीच.

"ओत," ते म्हणाले.

वॉचमनने फिनेल घातलं, ओतलं, बाटली धुऊन परत दिली. कामात चोख माणूस होता. काकांनीच शिकवलेला.

खोली पाहून पाकीटवाले खूश झाले. इतकी स्वच्छ खोली त्यांनीही पाहिली नव्हती. ते गेल्यावर काका मॅनेजरांच्या केबिनमध्ये गेले. वही उघडून समोर ठेवली.

मॅनेजरांनी आकड्यांवरून बोट खाली आणलं. छत्तीस तास, चाळीस, वीस, अकरा, नऊ, सव्वासात. ते बोट तिथे थांबलं.

"प्रत्येक खेपेत निवळी?"

"प्रत्येक. सगळ्यात वाईट टाकीतली."

"तरी सव्वासात?"

"तरी."

मॅनेजर खुर्चीत मागे रेलले. "काका, घरच्या ओट्यावरचं मी दहा हजार लिटरमध्ये नाही घालणार. मालक मलाच टाकीत घालतील."

"मी टाकी मागत नाही."

"ऐका तरी. उद्या एक बाटली आणा. फाटकावर मी सांगतो. बाई तपासतील. वीस जीवाणू काढले आणि वीसच्या वीस गेले नाहीत, दोन जरी उरले, तरी एक टाकी तुमच्या विरजणासाठी ठेवतो. एक. बाकी तीन पाकिटांवर."

काकांनी वही छातीशी धरली. आभार मानायचे राहून गेले. जाताना लेबलवालीच्या टेबलाशी थांबले.

"उद्या एक टाकी मिळते असं वाटतंय."

ती उभीच राहिली. "खरंच?"

"आणि हे पान मला नीट लिहून दे. तीस पूर्ण झाल्या की. माझी भाषा कोणाला कळत नाही."

ते एक वाजता घरी पोचले. चाळीस मिनिटं उरली असतील, असा हिशोब करत जिना चढले. दार कोपराने ढकललं.

ओटा कोरडा होता. टॉवेल दोरीवर वाळत होता. ओट्यावर स्वच्छ फडकं पसरलेलं, आणि त्यावर तीन बाटल्या उपड्या. शेजारी तीन झाकणं. त्यातल्या एकावर २३ होतं, अर्धं धुतलं गेलेलं.

काकू आतून आल्या. "इतक्या लवकर?"

काकांनी बाटली उचलली. अजून गरम होती. नाकाशी नेली. कसलाच वास नव्हता.

"झाकणावर वेळ नव्हती," काकू म्हणाल्या. मग त्यांनी काकांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "आकडा होता. वेळ नव्हती. मी चष्मा लावून बघितलं. दोनदा बघितलं."

काकांनी बाटली पुन्हा फडक्यावर उपडी ठेवली.

"अहो, वेळ नव्हती."

"बरोबर केलंस," काका म्हणाले.

पिशवीतली चौथी बाटली त्यांनी फडक्यावर इतर तिघींशेजारी उपडी ठेवली. तिला फिनेलचा वास येत होता. मग ते नळाशी गेले आणि हात धुवायला लागले. साबणाने. गरम पाण्याने. पुन्हा साबणाने. काकू मागे उभ्या होत्या. पाणी बराच वेळ चालू राहिलं.

पाकिटं आली. कात्रीने पाकीट कापायचं, टाकीत ओतायचं, अकराला दूध साकळायचं. टाक्या झोपायच्या थांबल्या. मालक खूश, मॅनेजर खूश. काकांना कात्री उकळण्यापलीकडे काम उरलं नाही. "काका, पुन्हा सुरू करा ना," लेबलवाली एकदा म्हणाली. "कशापासून?" असं त्यांनी विचारलं, आणि तिला ते तेव्हा कुठे कळलं. भांडं धुतलेलं होतं. बाटल्या उकळलेल्या होत्या. बाईंच्या डब्या तपासणीनंतर टाकून दिलेल्या होत्या. थेंबसुद्धा कुठे नव्हता, कारण थेंब मागे ठेवणारे काका नव्हतेच.

वर्षाअखेरीला ते निवृत्त झाले. मुदतीच्या दोन वर्षं आधी, स्वतःहून. शेवटच्या दिवशी वही लेबलवालीच्या टेबलावर ठेवली आणि जाताना टेबल पुसून गेले.

पान अजून तसंच आहे. तीस ओळी, पट्टीने आखलेल्या. बावीस भरलेल्या. तेविसाव्या ओळीत आकडा लिहिलाय, पुढे 'लावलं', आणि त्यापुढे वेळेसाठी सोडलेली जागा.